वॉर्डातला कडू घास

आक्का, तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठून गेले. तुम्ही असता तर ही बातमी चहाच्या आत तुमच्या कानावर आली असती, म्हणून म्हटलं आपणच सांगावं. आपल्या निपाणीच्या दवाखान्याच्या अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर तुमचा फोटो, त्याला फोटोपेक्षा मोठा हार. बेळगावहून मोठे साहेब आले होते. ते आधी कन्नडमध्ये बोलले, मग आमच्यासाठी मराठीत. ‘हिराबाई सिस्टरांनी स्वतःची कधी पर्वा केली नाही,’ असं म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरे बोलायला उठले, त्यांनीही तेच सांगितलं. तिसऱ्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा मी उठले.

ज्या गोष्टीवरून मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, तीच तुमची थोरवी म्हणून हाराखाली मांडलेली मला बघवेना. स्वतःची पर्वा केली नाहीत हे खरं. पण आमची केलीत ना? ती कशी केलीत, हे त्या खुर्च्यांवरच्या एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी माइकवर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पिठलं आणि भाकरी.

मी ट्रेनिंग संपवून बायका-मुलांच्या वॉर्डात रुजू झाले त्या उन्हाळ्यात जुलाब-उलटीची साथ आली होती. आडांचं पाणी तळाला गेलं होतं आणि एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. त्यात दत्तू नावाचा एक होता. त्याची आई तंबाखूच्या वखारीतून तशीच धावत आलेली, तिच्या लुगड्याला माझ्या आईच्या लुगड्यासारखाच वास. माझी आईही वखारीतलीच, तुम्हाला ठाऊक आहे. दत्तूचं मनगट माझ्या हातात होतं आणि नाडी गेली. बाईनं पोराला पदरात घेतलं आणि ती निघून गेली. रडलीसुद्धा बाहेर जाऊन. मी पुढच्या खाटेची सलाईनची बाटली उचलली. हात अजिबात थरथरत नव्हता. मला वाटलं, जमलं की आपल्याला हे काम.

तुम्ही लांबून बघत होतात. आलात आणि बाटली काढून घेतलीत.

“हे मंगल बघंल. तू चल माझ्यासंगट.”

वॉर्डामागं दूध तापवायची ती खोली. तुम्ही मला पाटावर बसवलंत, डबा उघडलात, ताटलीत पिठलं घातलंत आणि भाकरी मोडून दिलीत.

“आक्का, मला भूक न्हाय.”

“भुकेचं कोण इचारलंय? कडू घास हाय, घे.”

मी चपापले. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारची, सोयऱ्याधायऱ्यांची माणसं पिठलं-भाकरी आणून घालतात, तो कडू घास. तो जवळच्या माणसांनी खायचा. दत्तू माझा कोण? शिवाय माझ्या डोक्यात दुसरंच. “आम्ही धम्म घेतला तवाच हे समदं सोडलंय,” मी म्हटलं. “आम्ही सुतक पाळत न्हाय.”

“सुतक कुठं घालालोय तुला? आज घरी चूल पेटवू नको, एवढंच म्हनालोय. तुझ्या हातातनं माणूस गेलंय. पोराचं नाव काय हुतं?”

“दत्तू.”

“मोठ्यांदा सांग की.”

मी मोठ्यांदा सांगायला गेले आणि ते ‘दत्तू’ घशातच फुटलं. मग किती रडले ते विचारू नका. तुम्ही समजूत घातली नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाहीत, देवाची मर्जी वगैरे काही बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, “रडत रडत जेव. घास थांबवू नको.” आणि मी जेवले. त्या दिवशी जेवले नसते तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आले नसते, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. वखारीत आईशेजारी बसून तंबाखू निवडत राहिले असते.

आणखी एक सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. रडता रडताही माझी नजर त्या ताटलीवर होती. तुमची ताटली, कंग्राळीच्या शेतकऱ्याच्या लेकीची भाकरी, तुमच्या हातानं मोडलेली. त्या काळी दवाखान्यातसुद्धा माठाला कोण हात लावतं याच्यावर डोळा ठेवणारी माणसं होती. तुम्ही नंतर ताटली कशी धुता, ते मी बघत राहिले. बाकीच्या भांड्यांबरोबर, त्याच राखेनं धुतलीत आणि उपडी घातलीत. मी घरी जाऊन झोपले, आणि मला झोप लागली.

पुढं तो आपल्या वॉर्डाचा रिवाजच झाला. जिच्या हातात पेशंट गेला तिच्या खाटा दुसरीनं बघायच्या. तिनं दुधाच्या खोलीत बसायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं जेवायचं. कुणी बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर खोदायचं नाही. घरी चूल दुसऱ्या कुणीतरी पेटवायची. हा शेवटचा भाग घरोघरच्या सासवांना पटवायला तुम्ही स्वतः जायचात, आणि पटवूनच यायचात.

माझ्या घरी मात्र फजिती झाली. दवाखान्यात झाडलोट करणारी एक बाई वखारीत आईला म्हणाली, “तुझ्या रत्नीला आज कडू घास घातला गं दवाखान्यात.” झालं. आईनं पुढची तंबाखू तशीच टाकली आणि थेट जावयाचं घर गाठलं. आमच्या ह्यांना तोंडावरून पांघरूण घेऊन झोपायची खोड. दुपारची वेळ, पोस्टाला सुट्टी, हे पांघरुणाखाली आडवे. आईनं दारातनंच जो हंबरडा फोडला, त्यानं अख्खी गल्ली गोळा झाली. हे धडपडून उठून बसले तर आईनं आणखी मोठ्यानं ओरडून त्यांना मिठी मारली. जावयाला मिठी मारणारी सासू आमच्या गल्लीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. त्यानंतर बिचारे कितीतरी दिवस तोंड उघडं टाकून झोपत होते.

आई तशीच दवाखान्यात आली, तुमच्यावर तोंड टाकायला. “जित्या माणसांच्या घरात कडू घास घालता व्हय? आनि आमच्यात हे न्हाय, सांगून ठेवते!” तुम्ही तिला बसवलंत. चहा दिलात. ती तणतणत होती, तुम्ही ऐकत होतात. मग तुम्ही म्हणालात, “मावशी, तुमच्या वखारीत एखादी बाई खोकून खोकून गेली तर तुम्ही शेजारच्या बायका काय करता?” आईनं कपबशी खाली ठेवली. म्हणाली, “कामच करतो. काय करनार?” चहा पिऊन ती उठली. त्या दिवसानंतर वॉर्डात कुणाला घास घालायचा असला की अधूनमधून आईकडचा डबा येऊ लागला. सुतकाबद्दल तिचं मत मात्र बदललं नाही.

धारवाडकडचे ते तरुण डॉक्टर आठवतात? नवीनच बदलून आलेले, मराठी कळायचं पण बोलायला लाजायचे. त्यांच्या हातात एक बाळंतीण गेली. ते दुधाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, हातमोजे अजून हातातच. “आक्का, ननगू ऊटा कोडरी,” म्हणाले. मलाही वाढा. तुम्ही सरकून त्यांना जागा केलीत. ते मांडी घालून बसले, बाईचं नाव घेतलं, आणि भाकरी खाताना त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. आम्ही पोरींनी त्याआधी रडणारा डॉक्टर बघितला नव्हता. त्यानंतर आम्हाला त्यांची भीती वाटेनाशी झाली, आणि खरं म्हणजे भरवसा वाढला.

एवढं सगळं केलंत, आक्का. आणि शेवंता गेली तेव्हा काय केलंत?

बाळंतपणानंतर अंगावरची सूज उतरेना म्हणून ती सगळा पावसाळा आपल्या वॉर्डात होती. रोज सकाळी तुम्ही तिची वेणी घालायचात. ती तुमच्या हातात गेली, भर दुपारी. मी धावत आईच्या घरी गेले, तिला सांगितलं, तिनं पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या. गरम डबा घेऊन मी आले तेव्हा तुम्ही कपाटासमोर चादरींच्या घड्या घालत होतात.

“ठेव तिकडं. मला भूक न्हाय.”

“भुकेचं कोण इचारलंय?” तुमचंच वाक्य मी तुम्हाला ऐकवलं.

“मी बसले तर वॉर्ड कोण बघनार?” एवढं बोलून तुम्ही घड्यांकडं वळलात.

डबा भरलेला परत गेला. आईनं झाकण उघडलं, लावलं आणि म्हणाली, “मोठ्यांचं पोट लौकर भरतंय.” बस्स. मला जे समजायचं ते मी समजले. तसं समजायला माझ्याकडं कारणं होती आणि ती मला पुस्तकातनं मिळालेली नव्हती. आम्हाला द्यायला चालतं, आमच्या हातचं घ्यायला चालत नाही, असं मनात धरून मी कितीतरी दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. पुढं एकदा मंगलनं तुमच्यासाठी डबा आणला, चांगला त्यांच्या पाटलाच्या वाड्यावरचा, आणि तुम्ही तोही तसाच परत पाठवलात. माझी अर्धी शंका गेली. अर्धी राहिली. शंका कधी एका दमात जात नाही, आक्का.

मग आपलं भांडण सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. तुम्ही रविवारी कंग्राळीला जायचं बंद केलंत. आयांवर खेकसायला लागलात. एकदा एका पोरीच्या हातनं सुयांचा ट्रे पडला तर तुम्ही तिला असं बोललात की ती नोकरी सोडायला निघाली, आणि तिला तुम्हीच पुन्हा दुधाच्या खोलीत नेऊन बसवलंत. सगळ्या वॉर्डाचं बी.पी. तुम्ही बघायचात. तुमच्या दंडाला पट्टा गुंडाळायला मी झटापट केली तेव्हा म्हणालात, “मला सवय हाय.”

“सवय कशाची, आक्का? न जेवायची?”

“लई श्यानी झालीस.”

“झाले. तुमच्याच भाकऱ्या खाऊन झाले.”

तुम्ही हसलात आणि पट्टा सोडवून घेतलात. मी दर वेळी हरत होते. गंमत अशी की वॉर्डातल्या सगळ्या पोरी माझ्या बाजूनं होत्या आणि तरी जिंकायचात तुम्हीच. आम्हाला धडधाकट ठेवून तुम्ही एकट्या झिजत होतात, आणि आम्ही धडधाकट असल्यामुळं ते आमच्या नीट लक्षात येत होतं. एवढं दुःख तुम्ही आम्हाला द्यायला नको होतं.

थंडीच्या सुरुवातीला तुम्ही राऊंडवरच खाली बसलात. हृदय दमलंय, डॉक्टर म्हणाले. आठवडाभर आपल्याच वॉर्डात ठेवलं, पण तुम्ही खाटेवरनं हुकूम सोडायला लागल्यावर तुमच्या भावानं तुम्हाला कंग्राळीला नेलं. मी रजा टाकून यायला निघाले त्या सकाळी आईनं न सांगता डबा भरला. “ह्या टायमाला परत आणलास तर मी सोता जाऊन घालते,” म्हणाली.

तुम्ही अंगणात उन्हाला बसला होतात. पलीकडं मसुराचं रान. पायांवर घोंगडं, आणि हात इतके बारीक झालेले की मला तुमच्याकडं बघवेना. तुम्ही डब्याकडं बघत होतात.

“तुझ्या आईनं केलंय व्हय?”

“व्हय.”

पायांवरचं घोंगडं सारखं केलंत. मग नवऱ्याची गोष्ट सांगितलीत, जी मी कधी ऐकली नव्हती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, साधा ताप म्हणता म्हणता तो गेला. “घास आणून दिला कुनीतरी. लहान हुते गं मी, भूक लागलती. पोटभर जेवले. जेवून झाल्यावर कळलं, आता हे परत येनार न्हाईत. तवापासनं डोक्यात बसलंय, घास घेतला की मानूस गेल्याचं आपनच कबूल केलं.”

“मग आम्हाला का घातलात?”

“तुमी कबूल केल्याबिगर दुसऱ्या दिशी कामाला कशा आला असता? मला ठावं हाय की, न गिळलेलं किती जड असतंय.”

“आणि तुम्ही?”

“मी लबाडी केली,” तुम्ही म्हणालात, आणि तोंड उघडलंत.

आक्का, ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिला घास नवऱ्याच्या नावानं. दुसरा शेवंताच्या. मग तुम्ही नावं घेत गेलात. काही माझ्या ओळखीची, कितीतरी मी येण्याच्या आधीची, बायकांची, पोरांची, एका तान्ह्याचं तर नावही ठेवलं नव्हतं, त्याला तुम्ही ‘बाळ’ म्हणालात. भाकरी संपत आली म्हणून मी घास लहान लहान करत गेले. तुमची वहिनी दारात उभी होती, ती पुढं आली नाही, आतही गेली नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, “पोट भरलं गं,” आणि बसल्या जागी झोपलात. तुम्हाला दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

माझी उरलेली अर्धी शंका मी विचारली नाही. तुम्हीही त्याबद्दल काही बोलला नाहीत. नवऱ्याची गोष्ट खरी होती, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढीच खरी होती का, हे तुम्ही बरोबर नेलंत. चालेल. मी परत आल्यावर आईनं रिकामा डबा हातात घेऊन आत वाकून बघितलं आणि विचारलं, “मीठ बराबर पडलंतं न्हवं?”

त्यानंतर तुम्ही बऱ्या व्हाल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. पण पुढचे काही आठवडे तुम्ही वहिनींकडून डोक्याला तेल लावून घेत होतात, भावाला पाय दाबायला सांगत होतात, आयतं खात होतात, आणि वॉर्डाची चौकशीसुद्धा दिवसातून एकदाच करत होतात. वहिनी म्हणाल्या, हिराक्का घरात राहायला आल्या त्या आत्ताच. हे ऐकून मला इतका आनंद झाला, की तुम्ही गेलात त्या दिवशीही तो थोडा शिल्लक होता.

आता तुमच्या किल्ल्या माझ्याकडं आल्यात. कंग्राळीला तुम्हाला शेवटचं पोचवून मी आले ती सरळ राऊंडला लागले, आणि शोकसभेच्या दिवसापर्यंत थांबलेच नाही. त्या दिवशी खुर्च्यांतून उठले तीही वॉर्डाकडंच निघाले. मंगल ड्युटीवर होती, आणि जयश्री, दिवाळीनंतर आलेली नवी पोरगी, तुमच्या हाताखाली तिला जेमतेम काही दिवस मिळाले. दोघी दारात आडव्या उभ्या राहिल्या. मंगलनं माझ्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या.

“वॉर्ड कोण...” मी सुरू केलं आणि माझ्या तोंडून मला तुमचंच वाक्य ऐकू आलं.

“आमी बघतो की,” मंगल म्हणाली. “तुमी बसा.”

जयश्रीनं दुधाच्या खोलीत पाट मांडला. तिच्या घरची भाकरी होती, कडा जरा करपलेल्या. ती समोर बसली आणि घाबरत घाबरत म्हणाली, “सिस्टर, नाव घ्यायचं असतंय म्हनं.”

जन्मात मी तुम्हाला नावानं हाक मारली नव्हती. “हिरा,” मी म्हटलं. आणि मग मला आवरेना. जयश्रीनं समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. भाकरी मोडून पुढं केली.

तेवढ्यात वॉर्डात एक पोर किंचाळायला लागलं. खिडकीजवळच्या खाटेवरचं, मी आवाज ओळखला. सुई सरकली असणार, हात सुजत असणार. माझा एक पाय पाटावरनं उठलाच होता. जयश्री माझ्याकडं बघत भाकरी मोडत राहिली. पोर आणखी मोठ्यानं रडू लागलं. मी घास तोंडात घातला. चावला. बाहेर कुणाच्या तरी चपला लगबगीनं गेल्या, बाटली स्टँडवर हलली, कुणीतरी पोराशी लाडं लाडं बोलू लागलं. मी दुसरा घास घेतला. हळूहळू रडणं बारीक झालं, मग हुंदके, मग काहीच नाही.

आक्का, मी उठले नव्हते.